चढापलीकडचा दगड

बंद पडलेल्या गाडीकडे नीट पाहण्याआधीच लच्छूला तो दगड दिसला.

आलापल्लीहून सिरोंचाकडे जाणारा रस्ता जिमलगट्ट्याच्या अलीकडे सागाच्या जंगलातून एक चढ चढतो आणि माथा गाठला की लगेच पलीकडे उतरतो. माथ्याच्या पाच-सात हात अलीकडे, रस्त्याच्या जवळजवळ मधोमध, तो पडलेला होता. नारळाहून थोडा मोठा, एका अंगाला पिवळा रंग. मोडलेल्या किलोमीटरच्या दगडाचा तुकडा. तिथूनच तेलाची काळी रेघ उताराने खाली ओघळत आली होती. जिथे ती संपत होती तिथे कडेला एक पांढरी, बुटकी गाडी उभी होती आणि तिच्याजवळच्या सावलीत पासष्टीच्या एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

लच्छूने ट्रक थांबवला, पण लगेच उतरला नाही. दगड त्याचाच होता.

चंद्रपूरला घुग्घुस रस्त्यावर राजदीपचं गॅरेज आहे. लच्छू तिथला सपाट पाठीचा ट्रक चालवायचा. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या पाठीवर घ्यायच्या आणि आणून सोडायच्या, हे त्याचं काम. राजदीपच्या बापाच्या वेळेपासून तो तिथे होता, गॅरेजमागच्या खोलीत राहायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी रीना मंचेरियलला दिली होती. दिवसभरात त्याची गाठ पडायची ती अडलेल्या माणसांशी, आणि अडलेला माणूस गाडीकडे पाहतो, गाडी उचलणाऱ्याकडे नाही. एकदा गाडी खाली उतरली की कुणाला त्याचा चेहराही आठवत नसे. त्यात त्या लोकांची चूक आहे असं लच्छूला कधी वाटलं नाही.

परवाच्या दिवशी याच चढावर त्याने एक पिकअप उचलली होती. ट्रकचं तोंड सिरोंचाकडे, माथ्याकडे होतं. मागे सरकू नये म्हणून चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा त्याच दिवशी फुटला, म्हणून त्याने कडेचा हा दगड आणून चाकामागे बसवला. काम संपल्यावर ट्रक पुढे नेला आणि दगड उचलायचा राहिला. परतताना तो याच दगडावरून गेला असणार. ट्रक उंच, त्याला कळलंही नाही. दोन दिवस त्यावरून एसटी गेली, जीपा गेल्या, माल भरलेले ट्रक गेले. कुणाच्याच पोटाला तो लागला नाही. लागला तो या गाडीला.

“तुम्हीच का गॅरेजचे?” बाई उठून पुढे आल्या. “या भाऊ. फोन फक्त त्या माथ्यावर लागतो, म्हणून चार वेळा वर जाऊन आले.”

“हो बाई. लच्छू मी. लागलं तर नाई ना कुठी तुमाले?”

“मला काही नाही. गाडीचंच पोट फाटलं. तो बघा, तो पिवळा दगड. एवढा मोठा दगड मला दिसला नाही. तेलाचा लाल दिवा पेटला तशी गाडी बंद केली, पण तोवर व्हायचं ते झालं.”

“बंद केली तेच बरं केलं. इंजिन वाचलं.” लच्छू खाली वाकला. तेल साठवणारा चेंबर खालच्या बाजूने फुटला होता. आणि गाडी इतकी खाली बसलेली की पुढच्या बंपरखाली जेमतेम चार बोटं शिरत होती. “अशी काऊन आहे ही, एवढी खाली?”

“मुलाची आहे. सुनिलची. त्याने पुण्यात स्प्रिंगा बदलून बसवून घेतली तशी. मग कॅनडाला गेला आणि मला देऊन गेला. मी आपली आहे तशीच ठेवली.”

बाईंचं नाव वच्छला रामटेके. सिरोंचाच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि डिकीतून गाडी ओढायचा हूक काढायला गेल्या. त्या पाठमोऱ्या असताना लच्छू वर गेला, दगड उचलला, नालीत टाकायला हात मागे नेला आणि टाकला नाही. ट्रकच्या बाजूला पान्हे ठेवायची लोखंडी पेटी होती, तिच्यात ठेवून झाकण लावलं. असं का केलं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग तो कामाला लागला. काम हातात असलं की डोकं शांत राहायचं.

बुटकी गाडी चढवायची म्हणजे सगळा खेळ कोनाचा. बेड म्हणजे ट्रकची सपाट पाठ; ती खाली टेकवली की तिचा उतार होतो, आणि रस्ता आणि उतार जिथे मिळतात तिथे बंपर घासतो. पण इथे रस्त्यालाच चढ होता. गाडीची पाठ माथ्याकडे होती. लच्छूने ट्रक तिच्या बाजूने पुढे काढला, माथा ओलांडून पलीकडच्या उतारावर तोंड खाली करून उभा केला आणि बेडचं शेपूट माथ्यावर टेकवलं. पुढच्या चाकांना या वेळी नवे लाकडी ठोकळे लावले. दोन्ही बाजूंचे. मग हलवून पाहिले, आणि पुन्हा एकदा हलवून पाहिले.

“उलटी चढवतो, बाई. मागून. पुढचं तोंड नाजूक आहे, ते शेवटी घेऊ.”

“मी आत बसून स्टिअरिंग धरू का?”

“नाई नाई. चढवताना आत माणूस नाई पायजे. तुमी तिकडे झाडाखाली राहा, ताराच्या रेषेत येऊ नका. तार तुटली तर ती माणूस पाहत नाई.”

त्याने गिअर मोकळा केला, हातब्रेक सोडला, ट्रकवरच्या विंचची, म्हणजे ओढायच्या रहाटाची, तार हुकात अडकवली आणि हळूहळू ओढायला सुरुवात केली. गाडी वितीवितीने मागे चढू लागली. मागची चाकं बेडवर आली तसं पुढचं तोंड खाली झुकलं. चार बोटांची तीन झाली, तिनांची दोन. लच्छूने विंच थांबवली. ट्रकवरच्या दोन सागाच्या फळ्या आणून पुढच्या चाकांमागे सारल्या आणि तार पुन्हा थोडी ओढली. चाकं फळ्यांवर आली, तोंड उचललं गेलं. मग तो विंचचं बटण हातात घेऊन रस्त्यावर पालथा झाला, गाल डांबराला लावून. एका बोटाएवढा उजेड बंपरखाली दिसत होता. तेवढा उजेड त्याने शेवटपर्यंत विझू दिला नाही.

गाडी वर सपाट झाल्यावर त्याने चारही चाकांवरून पट्टे आवळले. चेसिसला साखळी लावली नाही. अशा गाडीला चाकांनीच धरावं, म्हणजे ती आपल्या स्प्रिंगांवर मोकळी हलते आणि पट्टा ढिला होत नाही. पट्ट्यांना बोटाने टिचकी मारून पाहिलं.

“तुम्ही फार जपून केलंत,” बाई म्हणाल्या. “माझं पोरगंही एवढं जपत नव्हतं.”

लच्छूने कपडे झटकले.

पुढच्या वळणावर ट्रक फिरवून ते चंद्रपूरच्या दिशेला लागले. बाई शेजारी बसल्या. दहा किलोमीटरवर लच्छूने उतरून पट्टे पुन्हा तपासले, तेव्हा त्या काचेतून बघत होत्या. तो परत बसल्यावर त्यांनी डबा उघडला. वांग्याची भाजी, भात, जवसाची चटणी. अर्धं झाकणात काढून त्याच्यापुढे केलं.

“मी जेवून निघालो, बाई.”

“सकाळी निघालात चंद्रपूरहून. आता दोन वाजले. मुलं किती खोटं बोलतात याचा मला छत्तीस वर्षांचा अनुभव आहे. गाडी बाजूला घ्या आणि खा.”

त्याने खाल्लं. कुणी शेजारी बसून जेवल्याला किती दिवस झाले ते तो मनात मोजत होता आणि मोजणं जमत नव्हतं. बाई बोलत होत्या. छपन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या, तेव्हा सिरोंचात लोक दारात येऊन बघायचे. शिकवणारा पोचू म्हणायचा, बाई, तुमी गाडीले पण छड्या मारता. मोठी बहीण बायनाबाई चंद्रपूरला असते, अंथरुणावर आहे, दोन वर्षं झाली. एसटीने जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात, कंबर राहत नाही. म्हणून महिन्यातून एकदा गाडीनेच जायचं, दोन दिवस बहिणीजवळ राहायचं, तिचे केस विंचरायचे, गोष्टी सांगायच्या आणि परत.

“पण आता पुरे,” त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. “गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणतो डोळे चांगले आहेत. सुनिल म्हणतो विकून टाक आई, या वयात कशाला. मी ऐकत नव्हते. आज कळलं त्याचंच खरं होतं. एवढा दगड, पिवळा, रस्त्याच्या मधात, आणि मला दिसत नाही. उद्या दगडाच्या जागी लेकरू असेल. गाडी तुमच्या मालकालाच विकून टाकायला सांगते. किल्ली तिथेच ठेवते.”

“मग बहिणीकडे कशा जासाल?”

“नाही जायचं. फोनवर बोलायचं. तिला ऐकू कमी येतं, पण बोलायचं.”

लच्छूने ट्रक चालू केला. रेपनपल्ली गेलं. बाईंनी खिडकीला डोकं टेकलं. त्यांनी अजून एकदाही त्याला काही वाईट म्हटलं नव्हतं. तो गप्प राहिला तर आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, सगळा रस्ता असाच जाईल. त्या कदाचित अजून काही सांगतील, बहिणीचं, पोचूचं. आणि चंद्रपूरला त्या किल्ली टेबलावर ठेवतील. गॅरेजमध्ये राजदीपने दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, लच्छूकाका, तुमच्या हातून एक तक्रार आली तर ट्रक दुसऱ्याला देईन, माझा बाप जुना होता, मी नाही.

दोन गावं मागे पडली. बोलायचं म्हणून लच्छूने तीनदा घसा साफ केला.

“पाणी देऊ का?” बाईंनी विचारलं.

“बाई, तो दगड मी ठेवला होता.”

बाईंनी डोकं खिडकीवरून उचललं.

“परवा. पिकअप उचलली तिथं. चाकामागं लावला अन् उचलायचा राहिला. तुमच्या डोळ्याचं काई नाई त्यात. माझं आहे ते.”

“तुम्ही रोज हेच काम करता ना?”

“हो. सत्तावीस वर्षं.”

“मग राहिला कसा?”

हेच सांगायचं नव्हतं. दगडाचं सांगणं सोपं होतं. “पट्टे आवळून झाले अन् फोन वाजला. त्या माथ्यावर टावर येते ना. मुलीचा होता. दोन महिन्यानं आला. बोलता बोलता मी गाडीत बसलो. मंग... मंग गेलो निघून. खुशीत होतो.”

“काय म्हणाली मुलगी?”

“काई नाई. भाजी काय केली विचारत होती.”

बाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “दगड आहे कुठे?”

“मागं. पेटीत.”

“पुढे असाच एखादा चढ आला की गाडी थांबवा.”

लच्छूला वाटलं, आता या उतरतात आणि मागून येणाऱ्या एसटीला हात करतात. चढ आला. त्याने माथ्यावर कडेला ट्रक घेतला. बाई खरंच उतरल्या, पण रस्त्याकडे न पाहता पेटीकडे गेल्या.

“काढा. तिथे होता तसा ठेवा. माथ्याच्या पलीकडे, तेवढाच. पिवळी बाजू कशी होती?”

“आडवी. आलापल्लीकडे. तुमाले पाठ होती तिची.”

“तशीच ठेवा.”

त्याने ठेवला. बाई चढाच्या खालच्या बाजूला गेल्या, पावलं मोजत. पन्नास झाल्यावर वळल्या आणि उभ्या राहून पाहू लागल्या. उन्हाचे कवडसे पानांतून रस्त्यावर पडले होते. हळूहळू त्या वर येऊ लागल्या. वरून लच्छू पाहत होता आणि पाहता पाहता त्याच्या ध्यानात आलं की या परीक्षेत दोन्हीकडून अडचण आहे. दगड दिसला तर तेव्हा बाईंचं लक्ष नव्हतं. नाही दिसला तर त्यांचे डोळे गेले. आपण सांगून काहीच सोडवलं नाही, असं त्याला वाटलं.

“दिसला,” बाई पंचवीस-तीस पावलांवरून म्हणाल्या. आवाज पडलेला होता. “चांगला दिसतो. मग तेव्हा का नाही दिसला?”

लच्छूने दगडाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग ट्रकवरच्या त्या बुटक्या गाडीकडे, जिच्या सीटचं बूड आता त्याच्या डोक्याएवढ्या उंचीवर होतं आणि रस्त्यावर असताना त्याच्या गुडघ्याखाली होतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुमी उभ्या आहा.”

“म्हणजे?”

“गाडीत उभं राहून चालवता का तुमी? त्या गाडीत तर माणूस पार भुईवर बसल्यासारखा बसते. खाली बसून पाहा.”

बाईंनी ट्रकवरच्या गाडीकडे पाहिलं. मग पुन्हा पन्नास पावलं खाली गेल्या, साडी आवरली आणि भर रस्त्यात उकिडव्या बसल्या. एक मोटरसायकलवाला खालून आला, त्याने वेग कमी केला, एका म्हातारीला रस्त्यात बसलेलं आणि एका माणसाला दगडाजवळ उभं पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला. बाई उठल्या, दहा पावलं पुढे आल्या, बसल्या. उठल्या, आल्या, बसल्या. गुडघे दुखत असणार, प्रत्येक वेळी उठताना हात मांडीवर टेकत होता. शेवटी अगदी माथ्याजवळ बसल्या असताना म्हणाल्या, “आत्ता.”

लच्छूने मोजलं. नऊ पावलं.

“नऊ पावलांत गाडी थांबते का?” बाईंनी विचारलं.

“चढावर पन्नाशीत? नाई थांबत. माझीही नाई थांबणार.”

“तुम्ही बसून बघा.”

तोही त्यांच्या जागी जाऊन बसला. त्यालाही आठ-नऊ पावलांवरच दिसला. बाईंनी मान डोलावली, जशी वर्गात एखाद्या उत्तराला डोलावली असेल. मग स्वतः वाकून त्यांनी तो दगड दोन्ही हातांनी उचलला, कडेला नेला आणि नालीच्या पलीकडे जंगलात लोटून दिला.

“गाडी मी विकत नाही,” त्या ट्रकमध्ये बसताना म्हणाल्या. “उंच करून घेते. सुनिलने खाली बसवली होती, त्याला आवडायची. चालवते मी.”

आलापल्लीला चहा घेतला तेव्हा त्यांनी आपला कप घेऊन वेगळ्या बाकावर बसणं पसंत केलं. राग होता की थकवा, लच्छूला समजलं नाही आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं. आष्टीनंतर त्यांना झोप लागली. त्याने खड्ड्यांतून ट्रक अगदी हळू नेला.

दिवस मावळता मावळता गॅरेज आलं. गाडी त्याने चढवली तशीच जपून उतरवली. राजदीप बाहेर आला. बाईंनी त्याला मूळच्या उंचीच्या स्प्रिंगा बसवायला सांगितल्या, चेंबर बदलायला सांगितला.

“फुटला कशानं, मॅडम?”

“दगड होता रस्त्यात.” बाई पिशवीत चष्म्याचं घर शोधत होत्या.

“साले ठेवतात अन् उचलत नाही लोकं.”

“मी ठेवलेला होता,” लच्छू म्हणाला.

राजदीपने त्याला हाताला धरून बाजूला नेलं. “येडे झाले का काका? गिऱ्हाइकासमोर काय बोलून राह्यले?”

“तिलेच आधी सांगितलं.”

राजदीपने हात पुढे केला. मग म्हणाला, “चाबी द्या.” लच्छूने ट्रकची चाबी दिली. तेवढ्यात ऑटो आला आणि बाई बहिणीकडे निघून गेल्या.

तीन दिवस लच्छू गॅरेजमध्ये टायर झटकत, नटबोल्ट निवडत राहिला. चौथ्या दिवशी जिवतीच्या घाटात एक जीप अडली आणि दुसरा कुणी जायला तयार नव्हता, तेव्हा राजदीपने चाबी टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

आठ-नऊ दिवसांनी असाच एका कामावरून तो दुपारी परत आला तेव्हा पांढरी गाडी जागेवर नव्हती. मुखरू मिस्त्री हात पुसत होता.

“बाई घेऊन गेली?” लच्छूने विचारलं.

“सकाळीच. एकटीच आली होती. गाडीखाली वाकून पाहिलं, हात घालून पाहिला, बसली, गेली. चालवते बरं ती. गेटातून एका झटक्यात काढली.”

“काई म्हणत होती?”

मुखरूने आठवून पाहिलं. “नाई. काऊन?”

“काई नाई.”

“तुह्याबद्दल नाई विचारलं, ते विचारून राह्यला असशील तर.”

लच्छू हसला. ट्रकवरचे पट्टे काढून त्याने नळाखाली धरले. गॅरेजच्या अंगणात दगडी कोळशाची धूळ रोजच बसते. ती गाडी इतके दिवस जिथे उभी होती तेवढाच चौकोन स्वच्छ राहिला होता, चारही कोपरे नीट दिसत होते. तो त्याच्या बाजूने गेला, त्यावरून नाही. संध्याकाळपर्यंत तो चौकोनही बाकीच्या अंगणासारखा काळा झाला.